हालोलचा कारखाना आणि परकीय भांडवलाची वाटचाल

बडोद्यात थेट परकीय गुंतवणुकीचा विषय निघाला की सध्या टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे नाव पुढे येते. या गुंतवणुकीचा इतिहास समजून घ्यायला मात्र शहराजवळचे हालोल अधिक उपयोगी पडते.

१९७३ च्या ‘फेरा’ या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परकीय कंपन्यांचा भारतातील हिस्सा ४० टक्क्यांवर रोखला आणि कोका-कोला, आयबीएम यांनी ती अट मानण्याऐवजी देश सोडला. १९९०-९१ मध्ये आलेली थेट परकीय गुंतवणूक जेमतेम १० कोटी डॉलर होती. परकीय चलनाची गंगाजळी आटल्यावर, जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने ३४ प्राधान्य उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय हिश्श्याला आपोआप मंजुरी दिली.

दार उघडल्यावर आलेल्यांत जनरल मोटर्स होती. हिंदुस्तान मोटर्सबरोबर निम्मी भागीदारी करून तिने हालोलमध्ये ओपेल अ‍ॅस्ट्रा ही मोटार बनवायला घेतली, १९९९ मध्ये भागीदाराचा हिस्साही विकत घेतला आणि २०१७ मध्ये तेथील उत्पादन थांबवले. कारखाना शांघायच्या सरकारी मालकीच्या ‘सैक’ कंपनीकडे गेला व २०१९ पासून तेथून एमजी हेक्टर ही गाडी बाहेर पडू लागली. पण एप्रिल २०२० मध्ये भारताशी भूसीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली, चीनमधून नवे भांडवल आणणे अवघड झाले, आणि २०२३ मध्ये भारतीय जेएसडब्ल्यू समूहाने ‘सैक’च्या येथील व्यवसायात ३५ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला.

चालू कारखाना परदेशी कंपनीने विकत घेतला तरी ती रक्कम थेट परकीय गुंतवणुकीची आवक म्हणूनच नोंदली जाते. नवी भिंत उभी राहिली की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मॉरिशस हा वर्षानुवर्षे भारतातील मोठा गुंतवणूकदार दिसत होता, त्यामागेही त्या बेटाच्या श्रीमंतीपेक्षा इतर देशांतले भांडवल कर वाचवण्यासाठी त्या मार्गे वळवणारा १९८२ चा करविषयक करार होता.

२०२१-२२ मध्ये एकूण आवक सुमारे ८,४८० कोटी डॉलर या विक्रमी पातळीवर पोहोचली. २०२४-२५ मध्येही ती ८,००० कोटींच्या आसपास होती. तथापि परकीय गुंतवणूकदारांनी हिस्से विकून परत नेलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांनी परदेशात केलेली गुंतवणूक वजा केल्यावर, रिझर्व्ह बँकेच्या प्राथमिक आकडेवारीनुसार, निव्वळ शिल्लक सुमारे ४० कोटी डॉलर राहिली.