नेट आणि वायफाय: गाणं तुटतं ते नेमकं कुठे

"नेट स्लो आहे, म्हणून गाणं अडकतं." हे वाक्य मी गोव्यात फोंड्याला ऐकलंय, म्हापशात ऐकलंय, आणि सगळ्यांत जास्त वेळा म्हार्दोळच्या आमच्या मामांच्या तोंडून ऐकलंय. मामांकडे चाळीस वर्षांचा संग्रह आहे. कॅसेटवरून उतरवलेल्या मैफली, सीडींवरून काढलेल्या फ्लॅक फाइली (दर्जा न घालवता आकार लहान केलेल्या), देवळातल्या भजनी सप्त्यांचं रेकॉर्डिंग. फाइली चाळीस हजारांच्या वर. हे सगळं त्यांच्याच घरात, देवघरामागच्या खोलीत राउटरला जोडलेल्या एका नॅसवर, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना फाइली पुरवणाऱ्या डिस्कच्या डब्यावर आहे, आणि प्लेअर नि स्पीकर सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीत. विलंबित ख्याल रंगात येतो, समेला एक मात्रा उरते, आणि आवाज थांबतो. चार सेकंदांनी तिथूनच पुढे सुरू होतो, पण तोवर आवर्तन मोडलेलं असतं. मामांनी नेटचा प्लॅन ४० एमबीपीएसवरून २०० चा केला. दर महिन्याला जास्त पैसे जायला लागले आणि सम तशीच मोडत राहिली.

कारण ते गाणं नेटवरून येतच नव्हतं.

नेट म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून तार येते, महिन्याचं बिल येतं, प्लॅनवर एमबीपीएसचा आकडा असतो. ऑनलाइन अॅपवरचं गाणं ह्या तारेतून येतं, त्यामुळे तिथे गाणं अडकलं तर नेटवर संशय घेणं चुकीचं नाही. इतकं पुरे.

पण तुमच्या डिस्कवरची फाइल प्लेअरपर्यंत जाते ती डिस्क, राउटर, प्लेअर अशी, आणि ही सगळी वाट घराच्या भिंतींच्या आत आहे. बाहेरची तार ह्या वाटेत कुठेच लागत नाही. आपण मात्र दोन्हींना "नेट"च म्हणतो, कारण दोन्ही एकाच डब्यातून निघतात. ह्या एका शब्दापायी लोकांचे किती पैसे जातात ते मी पाहिलंय, म्हणून मी हट्टाने वेगळं बोलतो: बाहेरचं ते नेट, आतलं ते वायफाय किंवा केबल.

पटत नसेल तर पावसाळ्यात स्वतः पडताळा घ्या. माडाची झावळ पडून फायबर तुटते आणि दोन-दोन दिवस दुरुस्तीला कोणी फिरकत नाही. त्या दोन दिवसांत वीज असताना घरच्या संग्रहातलं गाणं लावून बघा. काही सॉफ्टवेअरं लॉग-इनसाठी बाहेर डोकावतात, ती सोडली तर बाकी सगळं वाजतं. आणि जिथे तुटायचं तिथे तेव्हाही तुटतं.

इथवर बहुतेकांना पटतं. पुढे मात्र जवळजवळ प्रत्येकजण अडखळतो, आणि मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल. लोक म्हणतात, "ठीक आहे, वायफाय तर वायफाय. पण सोप्यावर फोनवर स्पीड टेस्ट केली, ६० आला. मग वायफाय चांगलंच आहे की!"

आधी गाण्याला लागतं किती ते पाहू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १४ लाख बिट, म्हणजे १.४ एमबीपीएस. फ्लॅक केल्यावर त्याहून बरंच कमी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची भारी फाइल घेतली तरी फ्लॅक करण्याआधी ४.६ एमबीपीएस. म्हणजे ६० हा आकडा गरजेच्या दहापटीहून जास्त आहे. आणि तरीही तुटतं, कारण ६० ही सरासरी आहे. पंधरा सेकंदांच्या चाचणीत बारा सेकंद ७५ चा वेग मिळाला आणि तीन सेकंद काहीच मिळालं नाही, तरी सरासरी ६० च येते. मोठी फाइल उतरवून घेणाऱ्याला त्या तीन सेकंदांचा पत्ताही लागत नाही. प्लेअरमध्ये मात्र दोनच सेकंदांचं गाणं आगाऊ साठलेलं असेल, तर तिसऱ्या सेकंदाला तो गप्प होतो. छपरावरच्या टाकीसारखं आहे हे. पालिकेचं पाणी दिवसाला किती लिटर आलं ह्यावर तुमची आंघोळ ठरत नाही. पाणी किती वेळ बंद राहिलं आणि तुमची टाकी केवढी, ह्यावर ठरते.

म्हणून वेग मोजू नका, खंड मोजा. मामांकडे मी एवढंच केलं. प्लेअरच्या अगदी शेजारी लॅपटॉप ठेवला, कमांडची काळी खिडकी उघडली आणि राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावलं, म्हणजे "आहेस का?" असं विचारत राहायचं आणि उत्तराला किती वेळ लागतो ते बघायचं. हा पत्ता बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो. बाहेरच्या कुठल्या वेबसाइटला पिंग करू नका, नाहीतर पुन्हा नेट मधे येतं. दर सेकंदाला एक ओळ पडायला लागली. ३ मिलिसेकंद, २, ४, ३, ३, २.

"बघ, बरोबर चाललंय," मामा म्हणाले.

"थांबा मामा, दहा मिनिटं जाऊ देत."

आत मामीने मायक्रोवेव्हमध्ये दूध तापायला ठेवलं. ४१०. १२८०. रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही. पुन्हा टाइम्ड आउट. २१०. मग परत ३, जणू काही झालंच नव्हतं. स्पीकर मधल्या दोन ओळींना गप्प झाला होता. मामा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले आणि पुढचा अर्धा तास उठले नाहीत. दुसरा खंड पडला तेव्हा मायक्रोवेव्ह बंद होता. पडवीवर शेजारचा मुलगा जुना फोन घेऊन बसला होता. राउटरपासून लांबचा, कमकुवत फोन सावकाश बोलतो आणि तेवढा वेळ हवा अडवून धरतो. त्या चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या एका वाटेवर, एका वेळी एकालाच बोलता येतं.

मग लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: अॅपवरचं गाणं ह्याच वायफायवर का तुटत नाही? तुटतं, पण झाकलं जातं. अॅपवरचं नेहमीच्या दर्जाचं गाणं फार तर ३२० केबीपीएसचं असतं, ते भराभर आगाऊ उतरवून ठेवलं जातं, आणि अनेक सेवा रस्ता अडला की दर्जा गुपचूप खाली आणतात. घरचा सर्व्हर, म्हणजे फाइली पुरवणारं नॅस किंवा लॅपटॉप, असं करत नाही. फाइल आहे तशी, बिट न् बिट पाठवतो. म्हणून तोच खंड तिथे लपतो आणि इथे ऐकू येतो.

ह्याच कारणाने मामांचा दुसरा ग्रह झाला होता, की लांब फाइली खराब आहेत. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेली गाणी कधीच तुटत नाहीत, तास-तासाच्या मैफली तुटतात. पण ती गाणी तीन-साडेतीन मिनिटांची. एवढी लहान फाइल मामांचा प्लेअर पहिल्या काही सेकंदांतच अख्खी पोटात घेतो आणि मग वायफाय मेलं तरी त्याला फरक पडत नाही. मैफलीची मोठी फाइल मात्र तो थोडी थोडी करून मागतो, म्हणून तिला पूर्ण तासभर रस्ता उघडा लागतो. फाइली ठणठणीत होत्या.

आता आपल्याकडच्या घरांबद्दल. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत दीड-दीड फूट जाड असते, आणि चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी धरतो. ओली भिंत वायफायच्या लहरी जास्त शोषते, म्हणून पावसाळ्यात त्रास वाढतो. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ अशा दोन भिंतींपलीकडे जवळजवळ पोहोचतच नाही. २.४ पोहोचतं, पण मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, आणि पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचे दहा राउटरही तिथेच. राउटरला चिकटून यूएसबी ३ ची डिस्क ठेवली असेल तर तिचाही गोंगाट २.४ वर पडतो, ती हातभर दूर सरकवा. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकीच एक निवडा, मधले नकोत. आणि जोडणीला येणारा माणूस तार जिथे आत येते तिथेच राउटर ठोकून जातो, ते चालवून घेऊ नका. त्याच दिवशी सांगून घराच्या मध्यावर घ्या. टीव्हीच्या कपाटात, काचेच्या शोकेसमागे, देवघराच्या पत्र्याच्या कपाटावर राउटर ठेवलेला मला बघवत नाही.

रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे ढकलणारा छोटा डबा, घेऊ नका. दुकानदार तोच पुढे करतो, कारण तो लगेच विकला जातो. साधा रिपीटर ऐकलेलं त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे निम्मी हवा त्यातच जाते आणि खंडाची आणखी एक जागा तयार होते. फोनवर काड्या पूर्ण दिसतात, माणूस खूश होतो, आणि गाणं पहिल्यापेक्षा जास्त तुटतं.

उपाय केबल. मामांकडे २५ मीटर कॅट ६ लागली, खिडकीच्या चौकटीतून वर घेऊन वाशांच्या कडेने सोप्यापर्यंत. एका तुकड्याला १०० मीटरची मर्यादा असते, घरात तेवढी लागत नाही. प्लेअरपर्यंत नेणं जमतच नसेल तर निदान सर्व्हर तरी राउटरला केबलने जोडा. कितीतरी घरांत संग्रह लॅपटॉपवर असतो आणि लॅपटॉपही वायफायवर. मग प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे, एकदा प्लेअरकडे. नुसता सर्व्हर केबलवर आणला तरी हवेतली अर्धी वाहतूक कमी होते.

राहिला संग्रहाचा आकार. "गाणी फार झाली, म्हणून अडकतं" हे बहुतेक वेळा खरं नसतं. चारशे फाइली असोत की चाळीस हजार, वाजवताना एकच फाइल वाचली जाते. आकार जाणवतो तो यादी उघडताना, शोधताना, मुखपृष्ठांची चित्रं येताना. म्हणून कुठे अडलं ते नीट बघा. पहिलंच गाणं आठ-दहा सेकंद उशिरा सुरू झालं आणि मग सुरळीत चाललं, तर डिस्क झोपली होती. सेटिंगमध्ये तिची झोपायची वेळ वाढवा. मधेच तुटलं आणि पिंगच्या ओळी स्वच्छ आहेत, तर सर्व्हर त्या वेळी संग्रह स्कॅन करतोय का, म्हणजे यादी ताजी करायला सगळ्या फाइली चाळतोय का, ते बघा. छोट्या यंत्रावर स्कॅन चालू असताना डिस्क इकडेतिकडे धावते आणि वाजणाऱ्या फाइलीची पाळी चुकते. स्कॅन पहाटे तीनला लावून ठेवा. खरखर किंवा टकटक ऐकू येत असेल तर ती वायफायची नव्हे, तिथे वायर, डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग) किंवा वीजपुरवठा तपासा. वायफाय गाणं खराब करत नाही, फक्त थांबवतं.

आणि कृपा करून तुटण्यावर उपाय म्हणून संग्रहाचं एमपी३ करू नका. साखळी गावच्या एका गृहस्थांनी वडिलांनी जमवलेल्या मैफली "हलक्या" केल्या आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. त्यांच्याकडे मी नंतर पिंग लावलं तर प्रत्येक मिनिटाला खंड. एमपी३ थोडं कमी तुटत होतं, पण तुटतच होतं. तानपुऱ्याची जी आस कापली गेली ती आता कशानेही परत येणार नाही, आणि त्यांतल्या तीन मैफलींची कॅसेटही आता वाजत नाही.

मामांकडे केबल लावल्यावर मी पिंग रात्रभर चालू ठेवून झोपलो. सकाळी तीस हजारांच्या आसपास ओळी होत्या, एकही चुकलेली नाही, आणि बहुतेक सगळ्या एक मिलिसेकंदाच्या आतल्या. प्लॅन त्यांनी त्या महिन्यातच परत ४० चा करून घेतला.