तंबू, शहर आणि पॅलेस्टिनी कविता

अरबीत ‘बैत’ म्हणजे घर, तंबूसुद्धा, आणि कवितेचे द्विपदही ‘बैत’च, मराठी गझलेच्या वाचकांना परिचित असलेला ‘मिसरा’ हा शब्दही मुळात दाराच्या एका फळीचा आहे. छंदशास्त्राची ही परिभाषा तंबूत राहणाऱ्यांची आहे. सहाव्या शतकातील इम्रु अल-कैसची प्रसिद्ध कविता उठून गेलेल्या मुक्कामाच्या खुणांपाशी थांबून रडण्यापासून सुरू होते. ताटातूट अशी आरंभापासूनच आहे, शहर मात्र तिथे नाही.

आधुनिक अरबी कवितेत ते आले विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि आले ते परके म्हणून. इराकमधल्या बसऱ्याजवळच्या जैकूर गावात 1926 साली जन्मलेल्या बद्र शाकिर अस-सय्याब यांच्या कवितेत शहरातले रस्ते चिखलाच्या दोरांसारखे माणसाभोवती आवळत जातात. इजिप्तच्या खेड्यातून कैरोला आलेल्या अहमद हिजाझी यांनी 1959च्या संग्रहाच्या नावातच शहराला हृदयशून्य ठरवले. गाव सुटले याचा दोष शहरावर ठेवण्याची ही रीत पॅलेस्टिनी कवींना फारशी उपयोगी नव्हती, कारण 1948 मध्ये, इस्राएलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, त्यांची गावे आणि हैफा, याफासारखी शहरे एकदमच गेली.

पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांचे अक्क्याजवळचे अल-बिर्वा गाव त्याच वर्षी उद्ध्वस्त झाले. कुटुंब लेबनॉनहून लपतछपत परतले, तेव्हा ते इस्राएली कायद्याने ‘उपस्थित-अनुपस्थित’ ठरले, म्हणजे देशात हजर, पण मालमत्तेच्या हक्कापुरते गैरहजर. सरकारी दप्तरातला इतका काव्यमय शब्दप्रयोग क्वचितच सापडेल. पुढे हैफा, मॉस्को, कैरो असे करत दरवीश बैरूतला स्थिरावले. बैरूतला पडलेल्या 1982च्या इस्राएली वेढ्यावरील त्यांच्या गद्यात बॉम्बवर्षाव चालू असताना निवेदकाला पाच मिनिटांची उसंत हवी असते ती कॉफीसाठी, आणि स्वयंपाकघर नेमके समुद्राच्या, म्हणजे माऱ्याच्या बाजूला असते. त्याच बैरूतला आपल्या दीर्घकवितेत ते तंबू म्हणतात. प्राचीन कवितेतला तंबू असा परत आला, पण आता त्या जागी एक अख्खे शहर होते, आणि ऑगस्टअखेर पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला (पीएलओ) तेही सोडावे लागले.

1996 मध्ये दरवीश पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक) रामल्लाला राहायला आले. 2008 मध्ये त्यांचे दफन तिथेच झाले, अल-बिर्वात नाही.