ड्रोनचे स्थैर्य (खवळलेल्या हवेत)

लहान मानवरहित विमान झोताच्या वाऱ्यातही कलू न देता जागेवर धरून ठेवण्याचे तंत्र. एकसारखा वारा फारसा त्रास देत नाही. ड्रोन त्याच्याकडे झुकून जागा राखतो. त्रास भोवऱ्यांचा. मीटरभराचा भोवरा प्रवासी विमानाच्या गणतीतही नसतो. लहान यंत्राची मात्र एक बाजू तो उचलतो आणि दुसरी दाबतो. शिवाय त्याच घडणीचे यंत्र निम्म्या आकाराचे केले, तर कलंडण्याला होणारा त्याचा विरोध बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो.

सातारा जिल्ह्यातील कास, चाळकेवाडी ही पठारे याचे चांगले उदाहरण. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा कड्याला धडकून वर चढतो आणि काठावरून सुटताना मागे भोवरे सोडतो. चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या मागची घुसळलेली हवा त्यात भर घालते. ड्रोनने पाती तपासताना चक्की थांबवतात, तरी मनोऱ्याच्या आडोशाची हवा भरवशाची नसतेच.

ड्रोनमधला गायरोस्कोप सेकंदाला शेकडो वेळा कलण्याचा वेग मोजतो आणि नियंत्रक, म्हणजे ड्रोनवरचा छोटा संगणक, त्यानुसार प्रत्येक मोटरचा वेग बदलतो. ही दुरुस्ती सौम्य ठेवली तर ड्रोन डुलतो. फार तिखट केली तर थरथरतो आणि मोटरी तापतात. सेटिंगवर पुष्कळ काथ्याकूट होतो, पण खरी मर्यादा मोटरच्या ताकदीची. वाऱ्याशी झुंजताना मोटरी आधीच पूर्ण जोरात असतील, तर झोत आल्यावर वाढवायला काही उरत नाही. अशा वेळी बरेच नियंत्रक उंचीवर आणि तोंडाच्या दिशेवर पाणी सोडून आधी तोल सांभाळतात. कासच्या सुमारे १,२०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी विरळ, म्हणजे हाताशी असलेली ताकद आणखी कमी.

एक बारीकशी गोष्ट बऱ्याचदा नजरेतून सुटते. उंची मोजणारा वायुदाबमापक झोतालाच उंचीतला बदल समजतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा थेट त्यावर आला, तर सुमारे पाच मीटरची चूक होऊ शकते. म्हणून त्यावर स्पंजचा तुकडा बसवतात.

विमानासारखे पंख असलेल्या लहान यंत्रांवर पंखाच्या पुढे हवेचा दाब मोजणाऱ्या नळ्या लावून झोत आदळण्याआधीच ओळखण्याचे प्रयोगही झाले आहेत.

परतीचे गणित वेगळे. वाऱ्याबरोबर लांब गेलेल्या ड्रोनला येताना वारा कापावा लागतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जाणे बरे. पण या पठारांवर पश्चिमेलाच कडा असतो, म्हणजे तसे गेले तर ड्रोन भोवऱ्यांकडेच जातो. त्यात ‘घरी परत’चे बटण दाबले की बरेच ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतात, आणि तिथे वारा बहुधा जास्तच असतो.