पिकअपची भारक्षमता आणि प्रत्यक्ष वजन

पिकअप गाडीवर माणसे, माल आणि नंतर बसवलेले सामान मिळून जास्तीत जास्त जितके वजन चढवता येते, त्याला भारक्षमता किंवा पेलोड म्हणतात. हा आकडा वजाबाकीतून येतो. उत्पादकाने मान्य केलेल्या एकूण वजनातून, म्हणजे ग्रॉस वजनातून, रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता. ग्रॉस वजन गाडीच्या प्लेटवर कोरलेले असते आणि ते बदलत नाही. रिकामे वजन मात्र दर गाडीचे निराळे असते, वर्षागणिक वाढतही जाते. म्हणून माहितीपत्रकातला पेलोड आणि वापरातल्या गाडीचा पेलोड सहसा जुळत नाहीत, आणि फरक बहुधा मालकाच्या तोट्याचाच निघतो.

'रिकामी' या शब्दाचा अर्थही सगळीकडे एक नाही. युरोपीय संघाच्या नियमांत चालू स्थितीतल्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली टाकी धरतात. इतर अनेक ठिकाणी कर्ब वजनात, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनात, इंधन, तेल, पाणी येते, पण चालक येत नाही. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे तपासावे. अमेरिकेत चालकाच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असते. माणसे आणि माल मिळून किती वजन चालेल, हे त्यावर लिहिलेले असते. माहितीपत्रकापेक्षा ते भरवशाचे, पण गाडी विकल्यानंतर जे बसवले त्याचा हिशोब त्यात नसतो. तिथले 'हाफ टन' हे नाव तर फक्त वर्ग सांगते. अर्धा टन म्हणजे तिथल्या मापाने १,००० पौंड, सुमारे ४५४ किलो. आजच्या त्या वर्गातल्या बहुतेक गाड्या याहून बरेच जास्त पेलतात.

खरे उत्तर वजनकाट्यावरच मिळते. टाकी पूर्ण भरावी, हौदा मालाने रिकामा करावा, पण स्टेपनी, जॅक, हत्यारे, ताडपत्री अशा कायम गाडीत राहणाऱ्या वस्तू तशाच ठेवाव्यात. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. दर वेळी चालकाने खाली उतरावे. पुढचे आणि मागचे मिळून आलेली बेरीज पूर्ण गाडीच्या वजनाशी जुळली पाहिजे. काट्याच्या एकदोन घरांपेक्षा जास्त तफावत आली तर गाडी सपाटीवर उभी नव्हती किंवा ब्रेक दाबलेला होता. ब्रेक सोडून वजन पुन्हा घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. ग्रॉस वजन २,९५० किलो, माहितीपत्रकातले रिकामे वजन १,९५०, म्हणजे कागदावर पेलोड १,००० किलो. या गाडीवर कॅनोपी (हौद्यावरचे छत) ७० किलो, पुढचा लोखंडी गार्ड ५०, टो बार (ट्रेलर ओढायचा दांडा) ३५, हौद्याचे अस्तर २५ आणि हत्यारांची पेटी ६० किलो, असे २४० किलो चढले आहेत. काटा दाखवतो २,१९०. उरले ७६०. दोन माणसांचे १५० किलो गेले की मालासाठी ६१० किलो राहतात. १,५०० किलोचा ट्रेलर जोडला आणि त्याचा १० टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या जागेवर, आला, तर तो १५० किलोही पेलोडमधूनच जातो. ट्रेलर चाकांवर चालतो म्हणून त्याचे वजन गाडीवर येत नाही, असे समजून हा आकडा सर्रास विसरला जातो. एक टनाच्या गाडीत आता ४६० किलो माल बसतो.

एकूण वजन मर्यादेत आहे म्हणून काम झाले असे मात्र नाही. प्रत्येक एक्सलची स्वतंत्र मर्यादा असते आणि पिकअपमध्ये आधी मागची भरते. वरच्याच गाडीत दोन माणसे बसल्यावर पुढे १,२५५ आणि मागे १,०८५ किलो येतात असे धरू. मागच्या एक्सलची मर्यादा १,८५० किलो आहे, दोन एक्सलमधले अंतर ३.१ मीटर. हिच मागच्या एक्सलच्या १.३ मीटर मागे असेल, तर १५० किलोचा भार तरफेसारखा काम करतो: मागे सुमारे २१३ किलो वाढतात आणि पुढचे ६३ किलो कमी होतात. ४६० किलो मालाचा मध्य एक्सलच्या ०.६ मीटर मागे पडला, तर त्याचे मागे ५४९ किलो होतात. मागच्या एक्सलवरची बेरीज (१,०८५, २१३ आणि ५४९) १,८४७. मर्यादेला तीन किलो कमी! तोच माल बरोबर एक्सलवर ठेवला असता तर मागचे वजन १,७५८ किलोच भरले असते. म्हणून जड वस्तू केबिनच्या पाठीला लावून ठेवावी, फाळक्याकडे कधीच नाही.

आता टायर पाहा. टायर किती भार पेलतो हे सांगणाऱ्या अंकाला लोड इंडेक्स म्हणतात. १०५ लोड इंडेक्सचा एक टायर ९२५ किलो पेलतो, म्हणजे जोडी १,८५०. बदलताना कोणी १०४ चे टायर टाकले तर जोडी १,८०० किलोच पेलते आणि वरची गाडी ओव्हरलोड ठरते. हे आकडेही नेमून दिलेल्या हवेवरच खरे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, तापते आणि भरल्या गाडीत वेगात असताना फुटते.

मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले, म्हणजे दबले, की गॅरेजात एखादा पाटा वाढवून घेतात. गाडी उंच दिसते, पण ग्रॉस वजन एका किलोनेही वाढत नाही. एक्सल, हब बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस पूर्वीचेच असतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब एक झडप ठरवते. चेसिस आणि एक्सल यांतल्या अंतरावरून तिला भार कळतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीही तिला हलकी वाटते आणि ती मागचा ब्रेक कमी करते. पाटे बदलले तर ही झडप पुन्हा जुळवून घ्यायलाच हवी. मागे फार भार असेल तर स्टिअरिंग हलके लागते, दिवे वर जातात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर केबिनच्या मागे चेसिस वाकू शकते.

वाळू, खडी, माती अशा मालात डोळा हमखास फसतो. डबल केबिन पिकअपचा हौदा १.५ मीटर लांब आणि तितकाच रुंद धरला, तर ४७ सेंमी उंचीपर्यंत भरलेली कोरडी वाळू सुमारे १.७ टन होते. वरच्या गाडीला ट्रेलर नसताना चालणारे ६१० किलो म्हणजे कोरड्या वाळूचा जेमतेम १७ सेंमीचा थर, ओली असेल तर सुमारे १४. हौद्याच्या आतल्या बाजूला या उंचीवर रंगाने रेघ मारून ठेवली की भरणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळते.