लैंगिक गुन्ह्यातील मतिमंद आरोपीच्या उपचारासाठी अर्ज : कुठे अडतो, काय जोडायचे

सांगली-मिरजेकडचे पालक कोर्टात अर्ज देतात, "मुलाला मनोरुग्णालयात ठेवा", आणि अर्ज तिथेच अडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले आहे. सोबत दुसरा मानसिक आजार नसेल तर ही मागणी टिकत नाही.

मागणी करायची ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला, फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा). मुलाला स्वतःचा बचाव करता येत नसेल तर कलम ३६७ (चौकशी) किंवा ३६८ (खटला) नुसार वैद्यकीय तपासणी मागा. तसा निष्कर्ष निघाला की कलम ३६९ खाली, गुन्हा अजामीनपात्र असला तरी, कोर्ट जामीन देऊ शकते. त्यासाठी भरती होऊन उपचार घेण्याची गरज नसावी आणि नातेवाईक किंवा मित्राने हमी द्यावी.

हमीपत्रात बाह्यरुग्ण विभागात नियमित उपचार आणि कुणालाही इजा होऊ न देणे, अशा दोन्ही गोष्टी हव्यात. "आम्ही सांभाळू" एवढ्याने भागत नाही. आई मजुरीला गेल्यावर घरी कोण, ते लिहा. पीडित मुलगी त्याच गल्लीत असेल तर मुलाला दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवायची तयारी दाखवा. तिच्या घरी तडजोडीला जाऊ नका आणि तिचे नाव व्हॉट्सॲपवर तर चुकूनही टाकू नका, तो वेगळा गुन्हा आहे.

आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) नेहमीप्रमाणे. लहानपणीचे दिव्यांग प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते, मुदत पाहा. घरात नसतो तो कागद म्हणजे बुद्ध्यांक चाचणीचा सविस्तर अहवाल. नुसती टक्केवारी पुरत नाही. तो सिव्हिलच्या किंवा मिरज मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात मागा. विशेष शाळेचे जुने प्रगतिपुस्तकही जोडा. "दोन सूचना एकदम दिल्या की गोंधळतो" हा बाईंचा शेरा कोर्टाला बरेच सांगून जातो.

उपचाराचा आराखडा मानसशास्त्रज्ञांकडून लेखी घ्या. नुसत्या गोळ्या म्हणजे उपचार नव्हे. इंग्लंडमध्ये अशा पुरुषांसाठी 'सॉटसेक-आयडी' गट चालतात : आठवड्याला दोन तास, साधारण वर्षभर, सोप्या भाषेत, चित्रांच्या मदतीने. संमती म्हणजे काय, समोरच्याला काय वाटते, हे पुन्हा पुन्हा शिकवतात. आपल्याकडे तयार गट नसला तरी हेच विषय आराखड्यात यावेत म्हणून आग्रह धरा.

मुलगा अठराच्या वर असेल तर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे वेगळा अर्ज लागतो. टेबलावर हे कुणी सांगत नाही आणि महिने जातात, म्हणून तो आधीच द्या. मात्र ३६९ ची हमी नातेवाईक म्हणूनही देता येते, त्यासाठी थांबू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट नाही. तहसीलच्या दाखल्यासाठी कुणी परत पाठवले तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चे कलम १२ दाखवा.