सोळा अधिक चार वीस होत नाहीत: रॅम आणि ग्राफिक कार्डाची मेमरी

गणपतीच्या आधी खानापूरहून भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. पहिलाच गेमिंग पीसी, तोही स्वतःच्या हातानं जुळवायचा, त्यासाठी दीड वर्ष पैसे साठवलेले. कागदावर लिहिलेलं होतं: प्रोसेसर रायझन ५ ५६००, रॅम १६ जीबी, ग्राफिक ४ जीबी, एसएसडी ५०० जीबी. फोटोखाली त्याचा मेसेज: "मामा, सोळा न् चार वीस जीबी होतंय की. बास होतंय काय?"

मी लगेच फोन केला. कारण हीच बेरीज करून बेळगाव, निपाणी, चिकोडी इकडची कितीतरी पोरं चुकीचं मशीन घरी आणताना मी पाहिली आहेत. दुकानात मराठी, कन्नड, हिंदी काहीही बोला, 'जीबी' हा शब्द तिन्ही भाषांत तोच. ऐकणाऱ्याला वाटतं वस्तूही तीच. पण रॅमचे जीबी वेगळे आणि ग्राफिक कार्डाचे वेगळे. त्यांची बेरीज होत नाही, आणि एक कमी पडलं तर दुसरं त्याची जागा भरून काढत नाही.

आपल्याकडे लग्नाच्या घरात मांडे करणारी बाई बसते, ते आठवून बघा. पालथं खापर तापलेलं, हातावर पीठ पसरत कोपरापर्यंत गेलेलं. तिला सारण लागलं तर ते शेजारच्या परातीतूनच उचलता आलं पाहिजे. घरात कोठी आहे, पोत्यांनी भरलेली आहे, पण ती आत, दोन खोल्या ओलांडून. परात रिकामी झाली की कोणीतरी कोठीकडे पळतं आणि तोवर खापर नुसतं तापत राहतं. रॅम म्हणजे ती कोठी. सगळ्या घराची: विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड, खेळाचा हिशेब, सगळ्यांचा माल तिथून प्रोसेसरकडे जातो. ग्राफिक कार्डाची मेमरी, जिला व्हीरॅम म्हणतात, ती फक्त चित्र काढणाऱ्या चिपच्या हाताशी ठेवलेली परात.

परातीत काय असतं? मुख्यतः टेक्स्चर. खेळातली भिंत, रस्ता, झाडाची साल, गाडीचा रंग, यांची सपाट चित्रं. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर कच्चं ठेवलं तर ६४ एमबी घेतं, दाबून ठेवलं तरी साधारण १६ एमबी. एका चौकात अशी शेकडो असतात. शिवाय सावल्या, प्रतिबिंबं, पडद्यावर जाणारी अर्धी तयार चित्रं. हे सगळं एकदा भरून भागत नाही. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला १७ मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो आणि तेवढ्यात लागेल ते पुन्हा वाचावं लागतं. म्हणून मेमरी किती, याच्या जोडीला ती किती वेगानं वाचता येते हा प्रश्न येतो. कोटेशनवर हा आकडा कधीच लिहिलेला नसतो.

भाच्याच्या कागदावरचं 'ग्राफिक ४ जीबी' नेमकं कुठलं कार्ड, हे विचारायला त्याला दुकानात दोनदा फोन करावा लागला. शेवटी नाव कळलं: जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चं. ४ जीबीवाल्या ज्या प्रकाराचा फोटो त्याला आला, त्यात डीडीआर३ मेमरी ६४ बिटच्या रस्त्यावर बसवलेली (बिट म्हणजे या रस्त्याची रुंदी), वेग सेकंदाला १४.४ जीबी. आता साधा भागाकार करू. ४ जीबी मेमरी एकदा पूर्ण वाचायला या कार्डाला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात नीट चालणाऱ्या खेळाची सोळा चित्रं काढून झाली पाहिजेत. म्हणजे त्यातली बहुतेक मेमरी खेळाच्या उपयोगाची नाहीच, ती खोक्यावर छापायला आहे. त्याच कोटेशनमधली डीडीआर४ ३२०० रॅम दोन पट्ट्यांत लावली तर तिचा वेग सेकंदाला ५१.२ जीबी होतो. कार्डावरची मेमरी घरच्या रॅमपेक्षा सावकाश! त्यात या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढणं त्यांची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०२१ मध्येच थांबवलं.

याच्यासमोर आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड ठेवा. जीडीडीआर६ मेमरी, १९२ बिट, सेकंदाला ३६० जीबी. तिथं अख्खी १२ जीबी मेमरी सेकंदात तीस वेळा वाचून होते. मी एकदा या कार्डाचा पंखा आणि हीटसिंक काढून आत बघितलं होतं. मधोमध चकचकीत चौकोनी चिप आणि तिच्या भोवती अगदी चिकटून सहा काळे तुकडे, प्रत्येकी २ जीबीचे. चिपपासून त्यांचं अंतर बोटाच्या पेरापेक्षा जास्त नव्हतं. ते बोर्डावर डाग देऊन कायमचे बसवलेले असतात. काढता येत नाहीत, वाढवता येत नाहीत. रॅमची पट्टी मात्र दोन्ही बाजूंच्या खटक्यांत दाबून बसवायची असते, आज दोन, पुढं आणखी दोन.

पैसे कुठं घालायचे हे मी यावरूनच ठरवतो. रॅम उद्या वाढवता येते, कार्डाची मेमरी ज्या दिवशी कार्ड घेतलं त्या दिवशी कायमची ठरली. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळं 'नंतर बघू' म्हणणंही आता पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही. तरीसुद्धा दोन्हींतलं एकच नीट घेण्याइतके पैसे असतील, तर मी कार्डाच्या बाजूनं उभा राहीन.

नावांचा गोंधळ आणखी एका ठिकाणी होतो. डीडीआर४, डीडीआर५ हे रॅमचे प्रकार, जीडीडीआर६, जीडीडीआर७ हे कार्डावरच्या मेमरीचे. आकडे वेगवेगळ्या घराण्यांचे आहेत, तेव्हा जीडीडीआर६ ही डीडीआर५ च्या पुढची पिढी ठरत नाही. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, डीडीआर४ चा असला तरी त्यावर जीडीडीआर६ चं कार्ड बिनधास्त चालतं, कारण कार्ड स्वतःची मेमरी स्वतः सांभाळतं. रॅम घेताना मात्र मदरबोर्ड बघावाच लागतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पट्टीला २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, प्रकार चुकलाय.

एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जातात, तिथंही डोळे उघडे ठेवा. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीवालं कार्ड २०२२ चं आणि ६ जीबीवालं २०२४ चं. ऐकताना वाटतं, फरक दोन जीबीचाच असेल. प्रत्यक्षात ६ जीबीवाल्यात चिपमधले कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, तेही कमी, २५६० ऐवजी २३०४, आणि मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबीवरून १६८ वर. जीटी १०३० मध्ये तर दोन्हीकडे २ जीबीच, पण एकात जीडीडीआर५ आणि दुसऱ्यात डीडीआर४. वेग ४८ विरुद्ध जेमतेम १७. म्हणून कोटेशनवर 'ग्राफिक इतके जीबी' लिहिलेलं मान्यच करू नका. कार्डाचं पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार आणि बिट, या तीन गोष्टी लिहून मागा. चांगला दुकानदार आनंदानं देतो.

आता विंडोज स्वतः घालतं तो घोळ. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक चिपच्या पानावर, या. ८ जीबीचं कार्ड आणि १६ जीबी रॅम असलेल्या मशीनवर तिथं 'जीपीयू मेमरी' जवळपास १६ जीबी दिसते. पोरं फोटो काढून पाठवतात, "मामा, आठचं सोळा झालं बघा!" त्याच्या जवळच दोन ओळी असतात, त्या वाचा. 'डेडिकेटेड' म्हणजे कार्डावरची खरी मेमरी, ८. 'शेअर्ड' म्हणजे गरज पडलीच तर रॅममधून उसनी घेता येईल ती हद्द, साधारण रॅमच्या निम्मी. उसनं घेणं म्हणजे कोठीकडे पळणं. कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारा रस्ता म्हणजे पीसीआयई. त्याच्या ४.० पिढीच्या सोळा लेनमधूनही सेकंदाला ३२ जीबीच्या आतच माल जातो, आणि आरएक्स ६६०० सारखी कार्डं आठच लेन वापरतात, म्हणजे त्याच्या निम्मा. ज्या चिपला २२४ च्या वेगाची सवय, तिला एकदम १६ वर यावं लागलं की खेळ अडकतो.

दोन्हींतलं कमी काय पडतंय हे खेळताना ओळखता येतं, आणि हे जमलं तर फुकटचा खर्च वाचतो. व्हीरॅम संपली तर एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा, आकडा बरा दिसतो, पण खेळात मान वळवली, नव्या भागात शिरलो की झटका बसतो. भिंती आधी धूसर येतात, मग हळूहळू स्पष्ट होतात. सेटिंगमध्ये फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की झटके थांबतात. रॅम संपली तर त्रास खेळाबाहेरही दिसतो: ऑल्ट-टॅब करून ब्राउझरवर जायला वेळ लागतो, एसएसडीचा दिवा सतत लुकलुकतो, कधी खेळच बंद पडतो. मागचे टॅब आणि डिस्कॉर्ड बंद केले की सुधारतं. पहिल्या आजारावर रॅमची आणखी एक पट्टी आणून काही होत नाही. अनगोळच्या एका ओळखीच्या मुलानं १६ ची ३२ केली आणि झटके होते तसेच राहिले. त्याचं कार्ड ४ जीबीचं होतं.

एक अपवाद मात्र खरा आहे, आणि बजेट कमी असणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक असतं, त्याला स्वतःची मेमरी नसते. तिथं कोठी हीच परात. अशा मशीनमध्ये १६ जीबीची एक पट्टी लावली तर वेग सेकंदाला २५.६ जीबी, तेच ८-८ च्या दोन लावल्या तर ५१.२. जीबी तेवढेच, पण खेळात फरक सरळ डोळ्यांना दिसतो. कार्ड पुढच्या वर्षी घेणार असाल तर जीटी ७३० वर पैसे घालवण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी चांगला.

भाच्याचं आम्ही असं ठरवलं: प्रोसेसर तोच, रॅम १६ च पण ८-८ च्या दोन पट्ट्या, आणि ८ जीबीचं आरएक्स ६६००. शोभेचे दिवे असलेलं कॅबिनेट आणि त्याच्यासोबत येणारा बिननावाचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, रद्द. त्या कार्डाला १३२ वॅट आणि आठ पिनांची वेगळी वायर लागते, तिथं हलकं सामान मी चालू देत नाही. उरलेल्या फरकासाठी त्यानं आणखी दोन महिने थांबायचं कबूल केलं. अठरा वर्षांच्या पोरानं दोन महिने थांबणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं.

दिवाळीत तो सगळे खोके घेऊन टिळकवाडीला माझ्या घरी आला. हॉलमध्ये सतरंजीवर मदरबोर्ड ठेवला. पट्ट्या त्यानं प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, दोन्ही वेळा खटका वाजेपर्यंत दाबून. पहिल्यांदा चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २१३३ दिसला आणि त्याचा चेहरा उतरला, "फसवलं की मामा." कोणी फसवलेलं नव्हतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग) सुरू करेपर्यंत पट्टी सावध वेगानंच चालते. ते सुरू केलं, मशीन परत चालू झालं, ३२०० आले. मग तो जीपीयूच्या पानावर गेला, 'डेडिकेटेड'वर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरातून बघायला आलेल्या आईला सांगू लागला, "ही परात. आन् कोठी तिकडं, मेमरीच्या पानावर."