एलिझाबेथ रायनचा विक्रम नेमका कोणी मोडला?

६ जुलै १९७९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, टेनिसपटू एलिझाबेथ रायन विंबल्डनच्याच आवारात कोसळली आणि गेली. दुसऱ्याच दिवशी, तिच्यासारख्याच कॅलिफोर्नियातून आलेल्या बिली जीन किंगने महिला दुहेरी जिंकून आपलं २० वं विंबल्डन विजेतेपद मिळवलं. रायनची होती १९, तोवरची सर्वाधिक. ‘विक्रम मोडला’ हे तेव्हापासून जे तिच्या नावाला चिकटलं, ते अजून सुटलेलं नाही.

पण हे १९ आणि ते २० एका तागडीत घालायचे कसे? रायनची १२ महिला दुहेरीतली, ७ मिश्र दुहेरीतली. एकेरीचं एकही नाही. किंगच्या २० मध्ये मात्र एकेरीची ६ आहेत, म्हणजे दुहेरीची १४. २००३ मध्ये भारतीय जोडीदारासोबत मिश्र दुहेरी जिंकून २० ची बरोबरी करणाऱ्या मार्टिना नवरातिलोवाचीही एकेरीची ९ वजा केली, की ११ उरतात. ‘एकूण विजेतेपदं’ या शब्दाने तिन्ही प्रकार एकाच गाठोड्यात बांधले आणि घोळ झाला तो तिथेच. दुहेरीपुरतं बोलायचं तर रायन आजही सगळ्यांच्या पुढे आहे. हे ठासून सांगायलाच हवं, कारण दुहेरी म्हणजे दुय्यम, ही समजूत या हिशेबात गुपचूप शिरली आहे.

विंबल्डनमधलं रायनचं पहिलं विजेतेपद १९१४ चं. महिला दुहेरीला तिथे अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला तो १९१३ मध्ये. मग महायुद्ध. १९१९ ते १९२३ सलग पाच आणि १९२५ चं सहावं, ही सगळी एकाच फ्रेंच जोडीदाराबरोबर. जोडीदाराच्या जिवावर जिंकली म्हणावं, तर महिला दुहेरीतली उरलेली सहा चार वेगवेगळ्या जणींसोबत आहेत. शेवटचं १९३४ चं, वयाच्या ४२ व्या वर्षी.

एकेरीतही ती कच्ची नव्हती. फोरहँडचा तिचा कापून मारलेला चॉप गवतावर जेमतेम उसळायचा आणि व्हॉलीला, म्हणजे चेंडू टप्पा पडण्याआधीच परतवायला, ती जाळ्याशी हजर असायची. विंबल्डनची अंतिम फेरी तिने १९२१ आणि १९३० मध्ये गाठली. १९२६ च्या अमेरिकन अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत तर पहिला सेट तिचा होता, तिसऱ्यात ४-० अशी आघाडी होती, मॅच पॉइंटही मिळाला होता. तो सेट ती ७-९ हरली. समोरची खेळाडू तेव्हा ४२ वर्षांची होती.